हॉट टबचं जुनं कव्हर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर घेतलं तेव्हा मागच्या डेकवर हॉट टब आयताच मिळाला, अशी अमेरिका-कॅनडातली मराठी घरं बरीच आहेत. मग फिल्टर धुणं, क्लोरीन तपासणं सगळं मन लावून होतं. कव्हरकडे मात्र ते उचलेनासं होईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. मी मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत कव्हर खराब असेल तर टबचा हीटर दिवसरात्र चालू राहतो. ओळखीच्या घरांतून हिवाळ्याच्या तोंडावर जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो आहे.

कव्हर बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वजन. चांगलं कव्हर साधारण ५० ते ७० पौंडांचं असतं, म्हणजे २३ ते ३२ किलो. मधल्या घडीवर दुमडून एक माणूस ते सहज उघडतो. तेच उघडताना कमरेत कळ येऊ लागली, दोघं लागू लागले, की आतला फोम पाणी प्यायला आहे असं समजा. अर्धं कव्हर उभं करा आणि खालच्या बाजूच्या छोट्या जाळीदार भोकांकडे बघा. तिथून पाण्याची धार किंवा थेंब गळत राहिले तर आणखी तपासायची गरज नाही.

दुसरी खूण बर्फ पडल्यावर दिसते, आणि माझ्या मते ती सगळ्यात बोलकी आहे. रात्री दोन-तीन इंच भुरभुर झाली की सकाळी कव्हरकडे नीट बघा. कव्हर धडधाकट असेल तर त्यावर बर्फ आजूबाजूच्या डेकवर असतो तसाच, एकसारखा पसरलेला दिसतो. मधल्या घडीवर काळी ओली रेघ उमटली असेल, एखाद्या कोपऱ्यात बर्फ वितळून व्हिनाइल (कव्हरचं बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) उघडं पडलं असेल, तर टबची ऊब तिथूनच बाहेर जाते आहे.

शिवाय मधोमध खळगा पडून पाणी साचणं, बंद टबच्या कडेने वाफ निघताना दिसणं, उघडल्यावर कुबट वास येणं, खालचं अस्तर फाटून लोंबणं हे सगळं आहेच. नुसता रंग उडाला असेल तर मात्र घाई करू नका. रंग उडालेलं पण हलकं कव्हर अजून कामाचं असतं.

थर्माकोल तर पाण्यावर तरंगतो. मग कव्हर जड कसं होतं?

कव्हरच्या आत जो पांढरा फोम असतो तो थर्माकोलच, फक्त जास्त दाट. द्रवरूप पाण्यात तो पटकन भिजत नाही हे खरं. पण टबमध्ये ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या पाण्याची वाफ चोवीस तास खालून वर येत असते. या वाफेपासून वाचवण्यासाठी फोमभोवती प्लॅस्टिकचं वेष्टन असतं. त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं किंवा त्याची शिवण सुटली, की वाफ आत शिरते. फोमच्या वरच्या, थंड बाजूला पोहोचली की तिचं पाणी होतं आणि दाण्यांच्या मधल्या फटींत अडकतं. बाहेर जितकी थंडी जास्त, तितका हा प्रकार वेगात होतो. म्हणूनच पावसाचा थेंबही न लागलेली, छपराखालची कव्हरंसुद्धा जड होतात.

आता हिशेब बघा. ७ फूट बाय ७ फूट आणि सरासरी साडेतीन इंच जाडीच्या कव्हरमध्ये सुमारे १४ घनफूट फोम असतो. त्याच्या फक्त दहाव्या भागात पाणी भरलं तरी सुमारे ९० पौंड, म्हणजे ४० किलो वजन वाढतं. एका घनफूट पाण्याचं वजनच ६२ पौंडांच्या वर असतं.

ते उन्हात वाळवून परत वापरता येईल का?

नाही. वरवर कोरडं वाटतं, पण आत मुरलेलं पाणी प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेर पडत नाही. आणि ज्या छिद्रातून वाफ शिरली ते तर तसंच असतं. आठ-दहा दिवस अंगण अडवून ठेवाल आणि कव्हर पुन्हा जडच होईल.

वीजबिलात खरंच फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजता येतो. टबची सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनातून जाते. ४० अंशांच्या पाण्यातलं एक लिटर वाफ होऊन गेलं की त्यासोबत सुमारे ०.६७ युनिट वीज गेली असं धरा. मधली पाण्याची जागा ६ बाय ६ फुटांची असेल आणि पातळी एक इंचाने खाली गेली असेल, तर ते सुमारे ८५ लिटर झाले, म्हणजे ५५-५७ युनिट. टबमध्ये कुणी उतरलं नाही, काही गळतही नाही, आणि तरी दर आठवड्याला पाणी घालावं लागतंय? मग ते पाणी कव्हरच्या फटींतून उडून जातं आहे, आणि त्याची किंमत बिलात लागते आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ओला फोम उष्णता अडवत नाही. कोरड्या थर्माकोलच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे पंधरापट सहज वाहून नेतं. कव्हर विकताना जो उष्णतारोधाचा आकडा सांगतात, तो कोरड्या फोमचा असतो. फोम भिजला की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

बाहेरचं व्हिनाइल चांगलं आहे. नुसता आतला फोम बदलला तर?

चालतं. बहुतेक कव्हरांना घडीच्या बाजूला चेन असते. ती उघडून जुने दोन तुकडे काढायचे आणि त्याच मापाचे नवे, वेष्टनासकट आणलेले तुकडे घालायचे. पण आधी व्हिनाइलची खालची बाजू आणि शिवण नीट तपासा. पाच-सहा वर्षं वापरलेल्या कव्हरचा दोरा हाताने ओढला तरी तुटतो, आणि मग नवा फोम घालताना शिवण उसवते. कव्हर दोन-तीन वर्षांचंच असेल आणि एखाद्या तुकड्याचंच वेष्टन फाटलं असेल, तर फोम बदलणं फायद्याचं. त्याहून जुनं असेल तर मी पूर्ण कव्हरच घ्यायला सांगेन.

माप कसं घ्यायचं? जुन्या कव्हरचंच माप दिलं तर चालेल?

जुन्या कव्हरचं माप कधीही देऊ नका. व्हिनाइल उन्हाने आकसतं, फोम वाकतो, झालर (कडेने खाली लोंबणारी व्हिनाइलची पट्टी) ओढली जाते. माप टबचंच घ्यायचं. या कामाला दुसरा माणूस हवाच, कारण सात फुटांवर टेपचं टोक धरून ठेवणं एकट्याला जमत नाही.

कव्हर काढून बाजूला ठेवा. टबच्या वरच्या ॲक्रिलिक काठाची बाहेरची कड ते समोरची बाहेरची कड, असं माप घ्या. आधी लांबी, मग रुंदी. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बाहेरच्या पेटीचं माप घ्यायचं नाही, कारण कव्हर काठावर बसतं. लांबी-रुंदी मध्यावर एकदा आणि दोन्ही टोकांजवळ एकेकदा घ्या. टब चौकोनी दिसला तरी अर्धा-पाऊण इंचाचा फरक निघतो.

सगळ्यात जास्त चुका कोपऱ्यांत होतात. कोपरा गोल असतो आणि त्याची त्रिज्या बनवणाऱ्याला कळवावी लागते. सुताराचा मोठा गुण्या घ्या. त्याचे दोन्ही हात टबच्या दोन बाजूंना चिकटवून ठेवा. गुण्याचं टोक कोपऱ्याच्या बाहेर हवेत राहील. त्या टोकापासून, जिथे टबची कड गुण्याला पहिल्यांदा टेकते तिथपर्यंतचं अंतर मोजा. तीच त्रिज्या. गुण्या नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याचा सरळ कापलेला कोपराही चालतो. चारही कोपरे मोजा. कंट्रोल पॅनलच्या बाजूचे कोपरे कधीकधी वेगळे असतात.

मग झालर. काठाच्या वरच्या कडेपासून खाली किती इंच मोकळी जागा आहे ते बघा, मध्ये पायरी, कठडा किंवा पॅनल आडवं येत नाही ना ते तपासा. आणि घडी कोणत्या दिशेला पडायला हवी ते आधी ठरवा. लिफ्टर (कव्हर उचलायला टबला बसवलेले दांडे) असेल तर घडी लिफ्टरच्या दांड्याला समांतरच लागते. ऑर्डरच्या अर्जात ही एक ओळ चुकली तर बाकीची सगळी मापं बरोबर असूनही कव्हर निरुपयोगी ठरतं. मापानुसार शिवलेला माल सहसा परत घेत नाहीत.

टबचा ब्रँड, मॉडेल आणि साल माहीत असेल तर तेही लिहा, पण त्यावरच विसंबू नका. एकाच मॉडेलचा काठ वेगवेगळ्या सालांत बदललेला असू शकतो.

जाडी आणि घनता किती घ्यावी?

कव्हर मध्यावर जाड आणि कडेला पातळ असतं, पाणी ओघळून जावं म्हणून. '४-२' म्हणजे मध्यावर चार इंच, कडेला दोन. दक्षिण कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सास इथे हे पुरतं. शिकागो, न्यू जर्सी, बोस्टन इथे '५-३' किंवा '५-४' घ्या. मिनेसोटा, टोरंटो, एडमंटन अशा ठिकाणी '६-४' मिळत असेल तर पैसे वाचवू नका.

घनता पौंड प्रति घनफूट अशी सांगतात: १, १.५ किंवा २. ऊब धरण्यात यांच्यात फार फरक नाही. फरक आहे तो ताकदीत. २ पौंडांचा फोम बर्फाच्या ओझ्याखाली लवकर वाकत नाही, पण उचलायला जड असतो. माझी पसंती बहुतेक घरांसाठी दीड पौंडाला आहे. विक्रेता घनतेवरच जोर देत असेल, तर त्याला वेष्टनाबद्दल विचारा. कव्हरचं आयुष्य त्यावर ठरतं.

विक्रेत्याला नेमकं काय विचारायचं?

फोमवरचं प्लॅस्टिक किती मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे, आणि ते गरम करून जोडलंय की नुसतं टेपने चिकटवलंय? ६ मिलचं आणि गरम करून जोडलेलं असेल तर उत्तम. दुसरं, मधल्या घडीखाली उष्णता अडवणारी पट्टी पूर्ण लांबीची आहे की फक्त दोन टोकांना? पूर्ण लांबीचीच घ्या. घडीवरची काळी रेघ तिच्याचमुळे टळते. तिसरं, घडीच्या कडेला आत धातूची पट्टी आहे का? ती नसली तर कव्हर मधोमध खचतं. व्हिनाइल बोटींना वापरतात तसं, ऊन आणि बुरशी सोसणारं असावं.

घरात लहान मुलं आहेत. कुलूप खरंच लागतं का?

हो. यात अजिबात तडजोड करू नका. तीन-चार वर्षांचं मूल खुर्ची ओढत नेऊन टबपर्यंत चढतं, आणि पाण्यात पडलेल्या मुलाचा आवाज होत नाही. अमेरिकेत सुरक्षा कव्हरांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ१३४६ हे मानक आहे. त्यात कव्हरवर वजन ठेवून चाचणी होते (८ फुटांपर्यंत रुंदीच्या टबसाठी २७५ पौंड, म्हणजे एक मोठा माणूस आणि एक मूल), कडेने मूल आत सरकेल अशी फट राहते का ते बघतात, आणि वर पाणी साचून राहत नाही ना तेही. कव्हरवर हे लेबल शिवलेलं आहे का ते बघूनच घ्या.

पण लेबल असून भागत नाही. चारही पट्टे दर वेळी अडकवायचे आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायची. घरात पाहुणे असतील, वाढदिवस असेल, अंगणभर मुलं धावत असतील, त्या दिवशी तर टब बंद केल्यावर पट्टे हाताने ओढून बघा. कव्हरवर कुणी बसायचं नाही, मुलांनी चढायचं नाही. आणि एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: खचलेल्या कव्हरवर साचलेलं चार बोटं पाणीसुद्धा तान्ह्या-रांगत्या बाळाला धोक्याचं असतं. खळगा पडलेलं कव्हर बदलायला माझ्या लेखी हे एकच कारण पुरेसं आहे.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना कव्हर उघडता येईल का?

लिफ्टर लावून घ्या. दोन्ही बाजूंना दांडे आणि घडीत आडवी नळी असते. अर्धं कव्हर दुमडायचं आणि हलकेच मागे ढकलायचं. टबच्या मागे दीड ते दोन फूट जागा लागते, ती आधी मोजा. गॅसच्या नळकांड्या असलेला लिफ्टर उचलायला सोपा जातो. तरीही सत्तरीच्या पुढच्या माणसांनी एकट्याने कव्हर उघडू नये, विशेषतः डेकवर बर्फ घट्ट झालेला असताना. बाबा 'त्यात काय एवढं' म्हणून हात लावायला जातातच, तेव्हा हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर टबमध्ये उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नवीन कव्हर यायला काही आठवडे लागणार आहेत. तोवर काय करू?

जुनं कव्हर फेकू नका. कितीही ओलं असलं तरी ते वाफ थोडीफार अडवतं. पाण्यावर तरंगणारी बुडबुड्यांची प्लॅस्टिक चादर आणून टबच्या आतल्या मापाने कात्रीने कापा आणि कव्हरखाली पाण्यावर पसरा. बाष्पीभवन लगेच कमी होतं. नवं कव्हर आल्यावरही ती तशीच राहू द्या, कारण वाफ आणि क्लोरीन थेट कव्हरला लागत नाहीत.

नुसती ताडपत्री टाकून टब झाकू नका. मूल किंवा कुत्रं तिच्यावर पडलं तर ताडपत्रीसकट पाण्यात जातं आणि वर येऊ शकत नाही. कव्हर पार तुटलंच असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर उन्हाळ्यात टब रिकामा करून ठेवणं उत्तम. कडाक्याच्या थंडीत पाइपांत पाणी राहिलं तर ते फुटतात, म्हणून तेव्हा टब रिकामा करायचा असेल तर जाणकार माणसाला बोलवा.

बसवताना काय सांभाळायचं?

खोकं चाकूने कापू नका. नव्या व्हिनाइलवर पहिला चरा तिथेच पडतो. थंडीत आलं असेल तर एक रात्र गॅरेजमध्ये किंवा घरात ठेवा, म्हणजे व्हिनाइल नरम होईल. मग टबवर ठेवून चारही बाजूंची झालर सारखी लोंबते का ते बघा. सुरुवातीला कव्हर काठावर नीट बसल्यासारखं वाटत नाही, कोपरे किंचित उचललेले दिसतात. वाफेची ऊब लागून दोन-तीन आठवड्यांत ते काठाचा आकार घेतं.

बक्कलं बसवताना पट्टा सरळ खाली सोडा, ताणून खूण करा, आणि मगच स्क्रू लावा. पेटीच्या मागे पाइप आणि वायरी असतात, म्हणून गंज न धरणारे आखूड स्क्रू वापरा आणि शक्यतो कोपऱ्यांजवळ, चौकटीच्या लाकडात घ्या.

जुन्या कव्हरचं काय करायचं?

ते अख्खं कचऱ्याच्या गाडीत घेत नाहीत. वारा नसलेल्या दिवशी, टबपासून लांब, जुनी चादर अंथरून त्यावर कापा. टबशेजारी कापलं तर थर्माकोलचे दाणे पाण्यात पडतात आणि फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसतात. आधी व्हिनाइल कापून सोलून घ्या, मग दातेरी लांब सुरीने फोमचे तुकडे करा. पाणी प्यायलेल्या फोममधून बरंच पाणी निघतं, जुने बूट घालून कामाला लागा. धातूची पट्टी भंगारात वेगळी द्या. ओला, मळका फोम रिसायकलमध्ये टाकू नका. नव्या कव्हरचा विक्रेता जुनं घेऊन जातो का, हे ऑर्डर देतानाच विचारा.

नवं कव्हर जास्त टिकावं म्हणून?

पाण्याची रसायनं नीट ठेवा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सल्ल्याप्रमाणे हॉट टबमध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) ७.० ते ७.८ असावा. शॉक (पाणी शुद्ध करायला एकदम टाकायचा रसायनाचा मोठा डोस) टाकल्यावर किमान वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास टब उघडा ठेवून पंप चालू ठेवा आणि तेवढा वेळ टबजवळच थांबा. लगेच झाकलं तर ती सगळी तिखट वाफ कव्हरच्या पोटाला लागते, आणि आतलं अस्तर कडक होऊन फाटतं. टब वापरत नसलात तरी आठवड्यातून दोनदा कव्हर तासभर उघडून वारं लागू द्या.

वरून महिन्याकाठी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, आणि ऊन अडवणारं, पाण्यावर आधारित व्हिनाइल संरक्षक लावा. गाडीच्या डॅशबोर्डला लावायची तेलकट पॉलिश लावू नका, तिने व्हिनाइल सुकून तडकतं. बर्फ मऊ झाडूने ढकला. फावडं वापरलं की व्हिनाइल फाटलंच समजा.

इतकं केलं तर पाच ते सात वर्षं अपेक्षा ठेवायला हरकत नाही. हेळसांड झालेलं कव्हर तीन वर्षांतही जातं.

खर्च किती येतो?

नेहमीच्या मापाच्या चांगल्या कव्हरला साधारण ४०० ते ७०० डॉलर, जाड आणि वेगळ्या आकाराच्या कव्हरला त्याहून जास्त. वाहतूक वेगळी लावतात का ते बघा. वॉरंटी वाचताना एक वाक्य शोधा: फोमने पाणी धरलं तर ते वॉरंटीत येतं का? पुष्कळदा तेवढंच वगळलेलं असतं.

लोणावळ्याच्या बंगल्यावर जकुझी आहे. तिथे हेच लागू होतं का?

ऊब टिकवण्याचा प्रश्न तिथे फारसा नाही, पातळ कव्हर पुरतं. पण पावसाळ्यात खळग्यात पाणी साचतं आणि त्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. त्यामुळे उतार चांगला असलेलं कव्हर घ्या आणि पट्टे-कुलूप तिथेही हवंच, कारण बंगला बरेच दिवस बंद असतो आणि आवारात मुलं येतात.

हिमवादळात लाइट गेली तर टब किती वेळ तग धरेल?

कव्हर कोरडं आणि घट्ट बसलेलं असेल तर टबमधलं दीड हजार लिटर गरम पाणी लवकर थंड होत नाही, शून्याखालीही एखादा दिवस आरामात जातो. धोका असतो तो पंपाजवळच्या पाइपांना, कारण त्यांत पाणी थोडं असतं आणि पंप बंद असल्याने फिरत नाही. बघण्यासाठी कव्हर सारखं उघडू नका, पट्टे आवळून ठेवा, घडीवर जाड ब्लँकेट आणि त्यावर ताडपत्री बांधा. लाइट आल्यावर आधी पंप सुरू होतो का ते ऐका. नुसता गुणगुणण्याचा आवाज येऊन पाणी हलत नसेल तर ब्रेकर बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा.